मामंजींच्या नावाचा शब्द

१४ जुलै १९४२

आजपासून गावाला युद्धाची बातमी सांगायचं काम माझ्या गळ्यात पडलं. कालपर्यंत ते आमचे हेडमास्तर करायचे, पण त्यांनाही सैन्याचं बोलावणं आलं. गावात धड रशियन येणारं दुसरं कोणी उरलं नाही, असं शेतीसंघाचे अध्यक्ष मामबेताली म्हणाले. "बुरुलचा, तू मास्तरीण आहेस, तुला काय कठीण आहे?" आता दिवसभर बीटाच्या शेतात खुरपणी करायची, दुपारी कार्यालयातल्या फोनवर जिल्ह्याहून येणारं बातमीपत्र उतरवून घ्यायचं आणि संध्याकाळी माणसं परतली की पॉपलरच्या झाडांखाली उभं राहून ते आपल्या किरगिझ भाषेत सांगायचं. कठीण काहीच नाही. फक्त पाय माझे आहेत.

फोनवर पलीकडे फैना नावाची मुलगी असते. खार्कोवहून आईला घेऊन पळून आलेली. ती एकेक वाक्य तोडून सांगते, मी लिहून घेते, मध्येच तार खरखरते आणि एखादं शहर कायमचं गडप होतं. मग मी नकाशात बघून अंदाजाने भर घालते.

पहिल्याच दिवशी फजिती झाली. बातमीत होतं की अमुक ठिकाणी शत्रू... आणि पुढचा शब्द माझ्या तोंडातून निघेना. घोड्याचा लगाम खेचताना आपण जे ओरडतो तो शब्द. मामंजींचं नाव तेच आहे. त्यांच्या आधीची भावंडं पाळण्यातच गेली, म्हणून मामंजी झाल्यावर आजेसासूबाईंनी नावच असं ठेवलं की हा तरी जायचा नाही. लग्नाला सात वर्षं झाली, तो शब्द मी उच्चारलेला नाही. घोड्याला शीळ घालते. शाळेतल्या मुलांना 'उभे राहा' म्हणते. इथे लिहितानासुद्धा हात मागे येतो. तरुण संघटनेची सभासद, चार बुकं शिकलेली, आणि सासऱ्याच्या नावापुढे जीभ टाळ्याला चिकटते. शाळेत मी मुलांना जुन्या खुळांबद्दल धडे देते ते वेगळंच.

दुसरे शब्द आहेत, नाहीत असं नाही. पण ते मेंढरं वळवायचे शब्द. शेवटी म्हटलं, "शत्रू तिथे उभा राहिला." मामंजी सगळ्यात मागे, माझ्याकडे पाठ करून बसले होते. रीत आहे तशी मीही अर्धी वळूनच बोलत होते. त्यांनी दाढीवरून हात फिरवला, म्हणजे सून बरोबर वागली.

हे फेब्रुवारीत लढाईवर गेले. शेवटचं पत्र जूनमध्ये आलं, डॉन नदीच्या काठावरून. बातमी मी साऱ्या गावासाठी उतरवून घेते, पण माझे कान फक्त त्या नदीच्या नावाला टवकारतात. हे कोणाला सांगण्यासारखं नाही.

२८ जुलै

आपल्या सैन्याने रोस्तोव सोडलं. सांगताना मी "सोडलं" म्हणाले तर दोरोनबेक आजोबा लगेच म्हणाले, "सोडलं म्हणजे? वासरू सोडतात तसं?"

"बातमीत तसंच आहे आजोबा."

"बातमीत असेल. तू सांग ना, सोडलं की सुटलं?"

एका डोळ्याने आंधळे आहेत, पण कान शाबूत. दोन्ही मुलगे लढाईवर. रोज पुढे येऊन बसतात आणि रोज माझी हजेरी घेतात. आज म्हणाले, "सूनबाई, तू बातमी वाढतेस का ताक? पाणी घालून घालून पांढरं तेवढं ठेवलंस." बायका हसल्या. हसायला काही तरी हवंच होतं.

त्यांचं खोटं नाही. मी पाणी घालते. पन्नास गावं गेली असतील तर "काही गावं" म्हणते. "रक्तरंजित" हा शब्द तर मी गिळूनच टाकला आहे. समोर बसलेल्या प्रत्येक बाईचं कोणी ना कोणी तिकडे आहे. सगळं जसंच्या तसं सांगण्यात कसला प्रामाणिकपणा, असं वाटतं. दुसऱ्या दिवशी वाटतं, मी कोण ठरवणार?

१९ ऑगस्ट

इंग्रजांचा मोठा प्रधान मॉस्कोला येऊन गेला म्हणे. चर्चा झाली, मैत्रीच्या वातावरणात झाली. यापलीकडे बातमीपत्रात काही नाही.

"जेवला?" दोरोनबेक आजोबांनी विचारलं.

"जेवला असेल."

"आणि घोडा देतो म्हणाला का नाही? मदतीला येतो म्हणाला का नाही?"

"तसं काही लिहिलेलं नाही."

"मग बातमी कसली ती? पाहुणा आला, जेवला, गेला. असे पाहुणे आमच्याकडेही येतात."

मामबेताली हसू दाबत म्हणाले, "आजोबा, जपून."

यांचं पत्र आलं. तीन ओळी. आता व्होल्गाकडे निघालोय, जोडे चांगले आहेत, आईला सांग कुरुत संपलं. सासूबाईंनी ते तीनदा वाचून घेतलं आणि कुरुताचे, म्हणजे घट्ट दह्याचे, खारट गोळे पत्र आल्या दिवशीच वाळत घातले. ते पाठवायचे कसे हे विचारायची कोणाची छाती झाली नाही. मी पत्र उशीखाली ठेवलं होतं. सासूबाई म्हणाल्या, "उशीखाली ठेवून चुरगळतं ते. शिकलेल्या बाईला एवढं कळू नये?" माझं काहीही असो, त्यांना त्यात खोट सापडते. सवय झाली आहे.

१७ सप्टेंबर

आता व्होल्गाकाठच्या शहराच्या गल्ल्यांतून लढाई चालली आहे. घरा-घरातून, जिन्या-जिन्यावरून, असं फैना म्हणाली. तिचा आवाज बसला होता. मी विचारलं, हे शहर कसं आहे? ती म्हणाली, "होतं तेव्हा लांबलचक होतं, नदीला धरून."

आज पॉपलरखाली भांडण झालं. मी म्हणाले, "शत्रू नदीकाठी उभा आहे." एक बाई रडायलाच लागली. उभा आहे म्हणजे पाय रोवून बसलाय, आता हलत नाही, असं तिने घेतलं. दुसरी म्हणाली, अगं तसं नाही, उभा आहे म्हणजे पुढे येत नाही. दोरोनबेक आजोबांनी तो शब्द सरळ वापरून मला विचारलं, तसं झालं का ते हो की नाही सांग. त्यांचं काय जातं, त्यांच्या सासऱ्याचं नाव थोडंच ते. मी मान हलवली. "मान हलवून बातमी होत नाही," ते म्हणाले. मामंजी उठून घरी गेले. मला वाटलं, लाजेने माझे कान जळतायत की त्यांचे?

व्होल्गाचं नाव आता रोज असतं. पत्र नाही.

३ ऑक्टोबर

बीट काढणी सुरू झाली. पुरुष नाहीत तेव्हा नांगरही आम्हीच, ओझीही आम्हीच. हाताला चिकटलेला चिखल निघत नाही, खरं तर काढावासाही वाटत नाही. आज बातमी सांगता सांगता माझी डुलकी लागली, उभ्या उभ्या. कोणी हसलं नाही, कारण निम्मे लोक झोपलेलेच होते.

खरं लिहायचं तर मला आता शहरांची नावं सारखीच वाटतात. शाळेत हजेरी घ्यावी तशी घेते. कोणी हजर, कोणी गैरहजर.

९ ऑक्टोबर

फैना आज विचित्र वागली. फोन उचलल्या उचलल्या म्हणाली, "बातमीपत्र नंतर. आधी तुमच्या अध्यक्षांना बोलाव."

मी म्हटलं, "मला सांग, मी निरोप देते."

"नाही. तू बाहेर जा आणि त्यांना पाठव."

जसं काही मी कोणी परकी. मामबेताली आत गेले, मी पायरीवर बसून राहिले. बराच वेळ झाला. बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरलेला होता. मी विचारलं, बीटाचा कोटा वाढवला का? ते म्हणाले, "हो. कोटा." आणि म्हणाले, "तू घरी जा आज. बातमी मी सांगतो." त्यांचं रशियन म्हणजे नमस्कार आणि चमत्कार. मी हट्टाने थांबायला हवं होतं, छे, बघा, लिहिता लिहिता शब्द निसटला. खोडत नाही, शाई वाया जाते. देव मामंजींचं आयुष्य वाढवो.

१२ ऑक्टोबर

माझ्याविरुद्ध जिल्ह्याला कोणी तरी चुगली केली आहे. आता खात्रीच झाली.

एक तर काल सासूबाईंनी माझ्या चहात साय घातली. स्वतःच्या हाताने. सात वर्षांत पहिल्यांदा. शिवाय सकाळपासून एकदाही माझं काही चुकलं नाही. शेतात बायका माझ्या ओळीतले बीट न सांगता उपटून देतात. टपालवाली बाई मला बघून शेताच्या बांधावरून वळली, नेहमी तोंडभर बोलणारी. आणि दोरोनबेक आजोबांनी काल बातमी ऐकून नुसतं "बरं" म्हटलं.

माणसं अशी कधी वागतात? ज्याला धरून नेणार त्याच्याशी. गेल्या वर्षी पशुवैद्याला नेलं त्याच्या आधी असंच सगळे त्याला गोड बोलायचे. मी "उभा आहे, उभा आहे" म्हणत राहिले ते कोणी तरी वर कळवलं. फैनाचा फोन त्याचाच होता.

भीती वाटते. मी गेले आणि हे परत आले तर?

१५ ऑक्टोबर, गुरुवार

संध्याकाळी घरी आले तर तेलाचा वास. सासूबाई पातळ पोळ्या तळत होत्या. घरात तेल आहे हेच मला माहीत नव्हतं, कुठे दडवलं होतं कोण जाणे. गुरुवारी मेलेल्यांच्या नावाने तेलाचा वास उठवायची रीत आहे, पण लढाई सुरू झाल्यापासून ती आम्ही सोडली होती.

मी विचारलं, "कोणासाठी हो?"

"जुन्यांसाठी," त्या म्हणाल्या. "आपले किती तरी आहेत. विसरले जातात."

एक पोळी मला दिली. मी खाल्ली, भूक होती. मामंजींनी प्रार्थना म्हटली ती एवढ्या हळू आवाजात की शेवटचा शब्द झाला कधी ते कळलंच नाही. त्यांनाही माझ्या अटकेची धास्ती असणार.

१७ ऑक्टोबर

शेवटी तो आला. जिल्ह्याचा प्रचारक, सिदिकोव नावाचा, वयाने माझ्याहून लहान, चामड्याची पिशवी गळ्यात. बातमी सांगायच्या वेळी नेमका पॉपलरखाली येऊन उभा राहिला. मी बातमी सांगितली. कारखान्यांच्या भागात हल्ले, सारे परतवले, शत्रू जागच्या जागी उभा राहिला.

"मास्तरीणबाई," तो म्हणाला, "रशियनमध्ये काय शब्द आहे?"

मी रशियन शब्द सांगितला. रशियनमध्ये मला अडचण नाही.

"आणि आपल्या भाषेत त्याला 'उभा राहिला' म्हणतात?"

मी हातातल्या कागदाची घडी घातली.

"गेले तीन महिने या गावाला तुम्ही सांगताय की फॅसिस्ट उभा आहे. कोणी शिकवलं हे?"

एक म्हातारी मध्येच म्हणाली, "अरे लेकरा, तो तिच्या सासऱ्याच्या नावाचा शब्द आहे."

"सासऱ्याच्या नावाचा!" तो हसला. "शत्रू व्होल्गावर, आणि इथे सासऱ्याचं नाव. हे असं लिहू का मी वर? उद्या तुम्ही माझ्याबरोबर जिल्ह्याला या, तिथे समजावून सांगा."

तेव्हा मागून काठीचा आवाज आला. मामंजी लोकांमधून वाट काढत पुढे आले आणि सरळ माझ्यासमोर उभे राहिले. सात वर्षांत आम्ही एकमेकांच्या डोळ्यांत पाहिलेलं नाही. त्यांचे डोळे करडे आहेत हे मला आज कळलं. अगदी यांच्यासारखे.

"वर बघ पोरी," ते म्हणाले. "माझं नाव घे."

"नाही जमणार मामंजी."

"जमेल." मग ते लोकांकडे वळले. "सगळे ऐका. आजपासून ही माझी सून नाही. माझी मुलगी आहे. मुलीला बापाचं नाव घ्यायची बंदी नसते. तुम्ही साक्षी आहात."

बायकांमध्ये एकदम हुंदके फुटले. सासूबाई होत्या तिथेच मटकन खाली बसल्या. एवढं रडण्यासारखं काय होतं मला समजेना, मी तर सुटले होते. मी तोंड उघडलं. पहिल्यांदा नुसती हवाच बाहेर आली. मग म्हणाले, "तोक्तोसुन." हा तरी थांबो. आणि लगेच, उसासा टाकावा तसं, "शत्रू थांबला."

मामंजींनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. काढायचं विसरलेच. वय झालं आता त्यांचं.

सिदिकोव काही बोलणार होता, पण मामबेतालींनी त्याला बाजूला घेऊन कानात काही सांगितलं. त्याने टोपी काढली, थोडा वेळ हातात धरली, आणि माझ्याकडे न बघता घोड्यावर बसून निघून गेला. मामबेतालींनी त्याला मेंढी कबूल केली असणार. माझ्यामुळे संघाची एक मेंढी गेली.

२० ऑक्टोबर

थांब, थांबला, थांबले, थांबेल. घोड्याला म्हणून पाहिलं, त्याला कळलंच नाही, त्याला शिळेची सवय. वेड लागल्यासारखी मी दिवसभर तो शब्द वापरते आहे. मुलगी झाले! माहेरीसुद्धा कोणी मला इतकं भर चौकात आपलं म्हटलेलं नाही. हे ऐकतील तेव्हा काय म्हणतील? पत्रात लिहिलं सगळं. सासूबाईंनी पत्र टपालात टाकायला म्हणून मागून घेतलं. इथे लिहिताना मात्र अजून मामंजीच येतं, ते काही सुटत नाही.

माझा थोरला भाऊ आला होता, नदीपलीकडून. न कळवता. मामंजींशी आत बसून बोलला, न जेवता उठला, आणि निघताना मला लहानपणी धरायचा तसं पोटाशी धरलं.

"बीट झालं की घरी चल," तो म्हणाला.

"माहेरी माझं काय काम? हे आले की दोघंही येऊ."

तो घोड्याचा पट्टा आवळायला गेला. आवळलेलाच होता.

सासूबाईंनी माझी लग्नातली पेटी कोठीतून काढून माझ्या अंथरुणापाशी आणून ठेवली आहे. "तुझी वस्तू तुझ्याजवळ असू दे," म्हणाल्या. मी म्हटलं, वाटेत येते ती. त्यावरही काही बोलल्या नाहीत. खरं तर मला त्यांचं बोलणं आठवतं. साय घातलेल्या चहापेक्षा ते बरं होतं, असं म्हटलं तर लोक मला हसतील.

९ नोव्हेंबर

बीटावर बर्फ पडला. आता जमीन फोडून काढतोय. बोटं लाकडासारखी झाली आहेत, लिहिताना अक्षर मोठं येतं.

अमेरिकन आणि इंग्रज आफ्रिकेत उतरले. मला वाटलं दोरोनबेक आजोबा आता तरी फुलतील. त्यांनी एवढंच विचारलं, "आफ्रिकेहून व्होल्गाला किती दिवस लागतात?"

"दुसरी आघाडी नाही ती आजोबा, पण त्यांना तिकडे लक्ष घालावं लागेल, मग इकडचा जोर..."

"हं. उशीर केला," ते म्हणाले.

"शिव्या द्या की थोड्या. पाहुणा जेवून परत आला म्हणा."

"म्हातारा झालो गं."

फैना हल्ली बातमीआधी रोज विचारते, कशी आहेस. पूर्वी कधी विचारत नव्हती. मी म्हणते, बरी आहे, तू कशी आहेस. मग आम्ही दोघी थोडा वेळ तारेची खरखर ऐकतो आणि ती पहिलं वाक्य सांगते.

पत्र नाही. टपाल सगळ्यांचंच उशिरा येतं, असं मामबेताली म्हणाले. सगळ्यांचं येतं मात्र.

१६ नोव्हेंबर

आज बीटाच्या ढिगावर बसले असताना एक विचार मनात आला. लिहीत नाही. लिहिला तर त्याला जागा मिळेल. बीट शुक्रवारपर्यंत संपेल.

२५ नोव्हेंबर

काल दुपारी फैना फोनवर ओरडूनच बोलत होती. दोन्ही बाजूंनी आपलं सैन्य पुढे आलं, मध्ये एकत्र मिळालं, शहराजवळचं सगळं शत्रुसैन्य वेढलं गेलं. हजारो कैदी. मी तिला तीनदा विचारलं, वेढलं म्हणजे नक्की वेढलं? "नक्की," ती म्हणाली, आणि मग तिचा आवाज एकदम खाली आला. "बुरुलचा, आज घरी जाऊन सांग. पॉपलरखाली नको."

पॉपलरखाली खरंच कोणी नव्हतं. बर्फात पळत घराकडे आले तर आमच्या अंगणात घोडे बांधलेले. पाच-सहा. भावाचाही होता. मला वाटलं, बातमी माझ्या आधी पोहोचली आणि सगळे आमच्याकडे जमले. तसं का वाटावंसं वाटलं, हे आता विचारून उपयोग नाही.

आत सगळे बसले होते. गावचे म्हातारे भिंतीला धरून, बायका चुलीकडे, सासूबाई आमच्याकडे पाठ करून. मी दारातच उभी राहून बातमी सांगितली. सगळी. एक शब्द गाळला नाही, पाणी घातलं नाही. शत्रू थांबला, अडकला, वेढला गेला, आता त्याला जायला वाट नाही. दोरोनबेक आजोबांच्या चांगल्या डोळ्यातून पाणी वाहत होतं.

"छान सांगितलंस," ते म्हणाले. "आता बस पोरी."

मी बसले. जिथे बसले ती जागा त्यांनी माझ्यासाठी रिकामी ठेवली होती, सगळ्यांच्या मधोमध. तेव्हा मला कळलं.

आपल्यात ही बातमी कोणी सरळ तोंडावर फेकत नाही, कामाचे दिवस सरेपर्यंत राखून ठेवतात. आधी म्हातारे फिरवून फिरवून बोलतात. दोरोनबेक आजोबांनी सुरुवात केली. ससाणा कितीही उंच गेला तरी त्याला दोरी असते, म्हणाले. घोडा कितीही चांगला असला तरी वाट त्याची नसते. मग त्यांनी मामंजींकडे पाहिलं, कारण शेवटचं वाक्य बापाने बोलायचं असतं. मामंजी या कामात नावाजलेले. आसपासच्या गावांत कोणी गेलं की त्यांनाच न्यायचे, असं म्हणतात की त्यांनी सांगितलेलं दुःखसुद्धा माणसाला पेलतं. त्यांनी तोंड उघडलं. काठीवर दोन्ही हात ठेवले. पुन्हा तोंड उघडलं. काहीच आलं नाही.

मी सगळ्यांकडे पाहिलं. सगळ्यांना माहीत होतं. बीट संपेपर्यंत हे सगळे रोज माझ्यासमोर बसून माझ्याकडून बातमी ऐकत होते. आणि मामंजींनी मला मुलगी का केलं तेही समजलं. सून म्हणजे या घरची, नवरा गेला की दिराला नाही तर चुलत दिराला लावून द्यायची. मुलगी म्हणजे मोकळी. त्या दिवशी ते मला सिदिकोवपासून सोडवत नव्हते. आणि मी घोड्यापाशी जाऊन थांब थांब करत बसले.

"कधी?" मी मामबेतालींना विचारलं.

"सप्टेंबर संपता संपता."

"कुठे?"

"शहरातच. कारखान्यापाशी, नदीकडच्या बाजूला."

मामंजी अजून प्रयत्न करत होते. त्यांची दाढी हलत होती. मला ते बघवेना.

"बाबा, राहू द्या," मी म्हणाले. "मी सांगते. रोज मीच सांगते."

मी उठून उभी राहिले. "सप्टेंबरच्या शेवटी, व्होल्गाच्या काठावर, कारखान्याच्या भागात झालेल्या लढाईत, आपल्या गावचा, तोक्तोसुनचा मुलगा जोमार्त पडला."

यांचं नाव मी त्याआधी कधीच घेतलं नव्हतं, यांच्यासमोरसुद्धा नाही, अंधारातसुद्धा नाही. आवाज नेहमीचाच निघाला, शेवटच्या ओळीपर्यंत जाणारा. मामंजींनी काठी सोडली आणि तोंड झाकून घेतलं.

सासूबाई पाठ न वळवता म्हणाल्या, "मला ऐकू आलं नाही."

मी परत सांगितलं.